मशीन बंद पडलं तर

ओट्यावर पालथा घातलेला डबा घसरला आणि खालच्या ताटावर आपटला. एवढंच. पण घर इतकं गप्प होतं की मी दचकले. कुणालीनं कूस बदलली, ओठ हलवले आणि पुन्हा उशीच्या कोपऱ्यात नाक खुपसून झोपली. मी पेन वर धरून तशीच बसून राहिले. ती उठली असती तर आजचं लिहिणं तिथंच संपलं असतं.

रविवार आहे. कंपनीला सुट्टी. सासूबाई विहारात गेल्यात. माझा नवरा, महेंद्र, भातसानगरला, धरणाच्या कॉलनीतल्या पंपावर, चारला सुटेल. म्हणजे माझ्या हातात तास-सव्वा तास आहे. कपडे भिजत घातलेत, ते भिजू देत. कवितानं माझं काय वाईट केलं होतं, हे मला एकदा कुठंतरी लिहून काढायचंय. म्हणजे काहीच केलं नव्हतं, हेच.

कविता आमच्या किन्हवलीच्या कडेला, ओढ्यापलीकडं जी कातकऱ्यांची वाडी आहे, तिथली. तिची गोदी आणि माझी कुणाली पहिलीत, एका बाकावर. शाळा सुटायच्या वेळी आम्ही दोघी फाटकाशी उभ्या राहायचो, तिथंच ओळख झाली. बाकीच्या आया तिच्यापासून हातभर लांब उभ्या राहत. मी नव्हते राहत. माझ्या आजीला लोक कसं लांब उभं करायचे ते मी ऐकलेलं होतं, म्हणून मुद्दाम तिच्या शेजारी जाऊन उभी राहायचे. आता वाटतं, त्याचीही मला थोडी ऐटच होती.

दिवाळी झाली की वाडी रिकामी होते. ट्रक येतो आणि भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर सगळ्यांना घेऊन जातो, ते पावसाच्या तोंडावर परत. कविता आणि तिचा नवरा बुध्याही त्यातच, मुलंही जातात. शाळेतले बाक तेवढे मागं राहतात. कविता स्वतः आश्रमशाळेत नववीपर्यंत शिकलेली. गोदी वाचायला लागली होती, दुकानाच्या पाट्या मोठ्यानं वाचत घरी जायची.

"या टायमाला गोदीला नाय नेणार," कविता म्हणाली होती. "मला हितं काम लागला ना, तर बुध्या जाईल त्याच्या आईला घेऊन. मी आन गोदी राहू हितं. नाय लागला तर मग काय, ट्रकात बसायचा."

म्हणून मुरबाडच्या कंपनीचा मेसेज मोबाइलवर आला तेव्हा मी तो आधी कविताला दाखवला. हे मी मुद्दाम लिहितेय. आधी मी तिला दाखवला, हे खरं आहे. एमआयडीसीत बाटल्यांची झाकणं बनवणारी कंपनी. चेकिंगला महिला पाहिजेत, आठवी पास, कंपनीची बस किन्हवली फाट्यापर्यंत. मुलाखत गुरुवारी.

"इंट्रूला काय घालून येऊ?" तिनं विचारलं.

"लग्नातली साडी सोडून काहीही."

"लग्नातली हायच कुठं, ती गोदीच्या झोळीला गेली."

गुरुवारी सकाळच्या एसटीनं निघालो. सरळगावमार्गे मुरबाड. महेंद्रनं मला एक व्हिडिओ पाठवला होता, मुलाखतीत उमेदवारानं कंपनीला विचारायचे दहा प्रश्न. टाय लावलेला एक माणूस हात हलवत बोलत होता. आवाज बारीक करून आम्ही दोघींनी एकेका कानात वायर घातली.

"तुमच्या कंपनीची संस्कृती कशी आहे?" तो माणूस म्हणाला.

"म्हंजे?" कविता म्हणाली. "कोणता देव पूजतात ते?"

"तसंच काहीतरी असेल."

"येत्या पाच वर्षांत या पदावरची व्यक्ती कुठं पोचू शकते?"

"फाट्यापर्यंत पोचली तरी बास," कविता म्हणाली, आणि आम्ही इतक्या हसलो की कंडक्टरनं मागं वळून बघितलं. "काय गं बायांनो, लग्नाला चाललात का?"

"इंट्रूला!" कविता ओरडली. तिला लाज नव्हती कसली. बसमध्ये तर अजिबात नव्हती.

मग व्हिडिओ संपला. ती खिडकीच्या गजावर बोट फिरवत म्हणाली, "प्रभाताय, मी एकच इचारणार हाय त्यांना. मी ठरवून आल्ये."

"काय?"

"मशीन बंद पडला तर तो दिवस धरता का नाय?"

मला कळलं नाही. तिनं समजावून सांगितलं. दोन वर्षांमागं भट्टीवर त्यांनी आठ दिवस विटा थापल्या. रचून ठेवल्या, अजून भाजायच्या होत्या. आणि मधेच अवकाळी आला. सकाळी उठून बघतात तर विटा नाहीत, चिखल. शेठ म्हणाला, वीटच नाही तर मोजू काय?

"आता सांग, पाऊस आमी आणला का? थापलेली तर आमी होती. पन आदी कोनी इचारलाच नव्हता ना त्याला. इचारला असता तर त्याला तेवाच बोलावा लागला असता, हो का नाय. तवापासून मी बुध्याला सांगितलाय, कामाला हात लावायच्या आदी ह्योच इचारायचा. आपली चूक नसताना काम थांबला, तर काय?"

 टायवाल्या माणसाच्या दहाही प्रश्नांत हा नव्हता.

आणि तरी मी तिला म्हणाले, "नको गो विचारू."

का म्हणाले, तेही लिहिते. दोन वर्षांपूर्वी वाशिंदकडच्या एका गोदामात मी मुलाखतीला गेले होते. कुणाली तेव्हा चार वर्षांची. शेवटी त्यांनी विचारलं, काही विचारायचंय का. मी विचारलं, संध्याकाळी किती वाजता सोडता, मुलगी लहान आहे. टेबलापलीकडं तिघं होते. मधला म्हणाला, "अजून कामाला लागल्या नाहीत तर सुटायचं बघताय?" तिघंही हसले. मीही हसले, ते जास्त लागलं. पुन्हा फोन आला नाही. त्या दिवसापासून मी मनाशी खूणगाठ बांधली होती, नोकरी मागायला गेल्यावर तोंड बंद ठेवायचं.

ते मी कविताला सांगितलं. "विचारलं की त्यांना वाटतं, ही कटकट करणार. 'काही विचारायचंय का' म्हटलं की 'नाही' म्हणायचं आणि नमस्कार करून उठायचं. तुला काम पाहिजे ना?"

"पाहिजे तर."

"मग ऐक माझं."

तिनं ऐकलं. शिकलेली बाई सांगतेय म्हणून ऐकलं. तोपर्यंत माझ्या मनात पाप नव्हतं. एवढ्यावर थांबलं असतं तर मी आज निवांत कपडे धूत बसले असते.

कंपनीच्या गेटशी, वॉचमनच्या खोलीबाहेर खुर्च्या मांडल्या होत्या. आम्ही आठ जणी. वॉचमन बडबड्या होता. त्याच्याकडून कळलं, जागा दोनच आहेत. आणि अकरा वाजता सरळगावची एक मुलगी हसत बाहेर आली, तिला सोमवारी यायला सांगितलं होतं. म्हणजे एक राहिली. सगळ्या जणी तिच्याशी गोड बोलल्या आणि मग एकमेकींकडं बघेनाशा झाल्या. शेवटी आम्ही दोघी उरलो. आधी माझं नाव, मग कविताचं.

आत एकच मॅडम होत्या. पन्नाशीच्या, केस बारीक कापलेले, समोर लाल पुठ्ठ्याचं मोठं रजिस्टर. त्यांनी नाव, शिक्षण, गाव विचारलं. एक झाकण हातात दिलं, म्हणाल्या, यात काय खराब आहे ते बघा. आतली कडा एका जागी चिरलेली होती. मी दाखवली.

"समजा तुम्ही हे बाजूला काढलं आणि सुपरवायझर म्हणाला, राहू दे, चालतं. मग?"

"तरी काढीन," मी म्हणाले.

त्यांनी काहीतरी लिहिलं. मग पेन खाली ठेवला. "तुम्हाला काही विचारायचंय?"

"नाही मॅडम."

त्यांनी चष्मा काढला. रागावल्या नव्हत्या, दमल्या होत्या. "सकाळपासून सगळ्या मला नाहीच म्हणतायत. एक जण दिवाळीला मिठाई देता का म्हणाली, तेवढंच. अहो, चेकिंगला मला बोलणारी बाई पाहिजे. चुकलेलं दिसलं तरी गप्प बसणारी घेऊन मी काय करू? रोज नऊ तास इथं काढणार तुम्ही. खरंच काही विचारावंसं वाटत नाही?"

मी उठायच्या बेतात होते. डोक्यात काहीच नव्हतं. दहा प्रश्नांतला एकही नव्हता. होता तो एकच, आणि तो माझा नव्हता.

"मशीन बंद पडलं," मी म्हणाले, "म्हणजे आमची काही चूक नसताना काम थांबलं, तर तो दिवस धरता का?"

 मॅडम हसल्या, अगदी मनापासून. "हा आजचा पहिला खरा प्रश्न." त्यांनी नीट उत्तर दिलं. दिवस पूर्ण धरतात, मशीन बंद असलं तर बायकांना आधीच्या मालाची छाटणी देतात, घरी पाठवत नाहीत. मग विचारलं, "हे कसं सुचलं तुम्हाला?"

आता इथं मी म्हणायला हवं होतं, बाहेर बसलीय तिचा आहे हा प्रश्न. एका वाक्याचं काम होतं.

"सहजच," मी म्हणाले.

बाहेर आले. कविता उठून उभी होती, पदर सारखा करत, एका पायातली चप्पल दुसऱ्या पायानं घासत. वॉचमन कुणाशी तरी फोनवर बोलत होता, त्यामुळं तिला लगेच आत सोडलं नाही. अर्धा मिनिट असेल. जास्तीत जास्त.

"काय इचारला गो त्यांनी?"

माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. बसमध्ये म्हणाली होतीस ते विचार, बिनधास्त विचार, त्यांना तसलीच बाई पाहिजे. पण ती आत जाऊन तेच विचारणार, आणि मॅडमना कळणार की एकीनं दुसरीचं उचललंय. कुणी कुणाचं, तेही कळणार, कारण कविताला लगेच भट्टीचं सगळं सांगता आलं असतं. आणि जागा एकच होती. हेही होतंच. हे मी आत्ता शेवटी लिहितेय, पण तेव्हा बहुतेक तेच पहिलं होतं.

"काय नाय," मी म्हणाले. "नेहमीचंच."

"मग शेवटी?"

"शेवटी नाही म्हणायचं. सांगितलंय ना."

तिनं मान हलवली आणि गेली. पाच मिनिटांत परत आली.

परतीच्या एसटीत तिला खिडकी मिळाली होती, पण ती माझ्याकडं वळून बसली. "मॅडम बरी होती गो. झाकन लगेच वळखला मी. मग बोल्ली, काय इचारायचा हाय का? मी बोल्ली, नाय. परत बोल्ली, बघ हां, इचार काय पन. माझ्या तोंडावर आल्ता बघ, मशीनचा. पन मी दात दाबून धरले. बोल्ली, नाय मॅडम. अगदी तू सांगितलास तसा."

"बरं केलंस," मी म्हणाले.

दादा, म्हणजे माझे वडील रामा, माहेरी वैशाखऱ्याला विहारात दर रविवारी मुलांना गोळा करायचे. बुद्धवंदना झाली की दारात शेंगदाण्याच्या लाडवांचं पातेलं घेऊन बसायचे. लाडू फुकट नाही. एक प्रश्न विचारायचा, मग लाडू. कसलाही विचारा, पण स्वतःचा. पुढच्याचा ऐकून तोच विचारला तर म्हणायचे, "हा त्याचा झाला. तुझा आण." मी एकदा विचारलं होतं, मुंगी झोपते का? दादांनी सगळ्या मुलांना खाली बसवून अर्धा तास त्यावर बोलायला लावलं आणि मला दोन लाडू दिले. आपल्या माणसांना कुणी विचारू दिलं नाही, म्हणून तुम्ही विचारा, असं ते म्हणायचे. दादा जाऊन सहा वर्षं झाली. एसटीत बसल्या बसल्या मला वाटलं, बरं झालं, नाहीत ते.

शुक्रवारी दुपारी फोन आला. सासूबाई अंगणात तांदूळ निवडत होत्या. माझ्या तोंडाकडं बघूनच त्यांना कळलं.

"लागला का काम?"

"लागलं, आत्या."

"देवा रे! काय इचारला काय त्यांनी?"

"त्यांनी विचारलं, काही विचारायचंय का. मी विचारलं. ते आवडलं त्यांना."

"मग!" सूप बाजूला ठेवून त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. "रामाची पोर हाय. गप बसनारी थोडीच." मग कुणालीला हाक मारली, "ए भवाने, ये हिकडं, आईला काम लागला तुझ्या. आता तुझी वेनी मी घालनार. रडलीस तर बघ."

कुणाली रडली नाही. "तू घट्ट घालतेस," एवढंच म्हणाली.

सोमवारी मी कामाला लागले. काम अवघड नाही. पट्ट्यावरून झाकणं येत राहतात, निळी, पांढरी, आपण बघत राहायचं. पहिल्या दिवशी घरी येऊन डोळे मिटले तरी झाकणं सरकत होती. मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत मी मॅडमच्या खोलीशी गेले. रात्रभर ठरवलं होतं. वाडीचा ट्रक बुधवारी येणार होता, कुणालीनंच गोदीकडून ऐकून येऊन सांगितलं होतं.

"मॅडम, माझ्या गावची एक आहे. कविता. गुरुवारी आली होती, सगळ्यात शेवटी. तिला कुठं घेता येईल का?"

मॅडमनी लाल रजिस्टर उघडलं, पान शोधलं, वळवून माझ्यापुढं धरलं. कविताच्या नावापुढं लिहिलं होतं: नजर चांगली. बोलत नाही. काही विचारले नाही.

"पॅकिंगला एक जागा निघू शकते तशी," मॅडम म्हणाल्या. "पण मी दोनदा विचारलं हो तिला. गप्पच. उद्या मशीनमध्ये हात अडकला तरी सांगणार नाही अशी बाई. मला भीती वाटते अशांची. तुम्ही ओळखता तिला? बोलते का ती?"

बोलते का ती. मला एसटीतला कंडक्टर आठवला, मागं वळून बघणारा.

सांगितलं असतं तर मॅडमनी काय केलं असतं, मला माहीत नाही. कदाचित दोघींना ठेवलं असतं. कदाचित म्हणाल्या असत्या, म्हणजे 'सहजच' म्हणालात ते खोटं होतं तर. मला लागून एक दिवस झाला होता. तीन महिने बघून मग पक्कं करणार होत्या. कुणालीला शहापूरच्या शाळेत घालायचं आम्ही दोघांनी ठरवलं होतं, दप्तराचा रंगसुद्धा तिनं ठरवला होता. हे सगळं माझ्या डोक्यातून एका झटक्यात गेलं, पट्ट्यावरच्या झाकणांसारखं, आणि मी एकही बाजूला काढलं नाही.

"तशी... लाजरी आहे," मी म्हणाले.

मॅडमनी रजिस्टर मिटलं.

बुधवारी सकाळी मी फाट्यावर पोचले तेव्हा ट्रक आधीच उभा होता. वाडीतली माणसं, भांडी, कोंबड्यांचे खुराडे, एक सायकल. बुध्या वर उभा राहून बोचकी घेत होता. कंपनीची बस यायची होती. मी पानटपरीच्या आडोशाला जाऊन उभी राहिले. पण कवितानं मला बघितलंच. गोदीला कडेवर घेऊन आली. गोदी कडेवर घेण्याएवढी लहान नाही, पण झोपेत होती, पाय खाली लोंबत होते.

"चालली गो कामाला?" कविता म्हणाली. "नवीन डबा? दाव तरी. तीन मजली! आता काय बाबा, कंपनीवाली बाई."

"कविता..."

"मला ठाव हाय तू काय बोलनार. नको बोलू. तुझा झाला ना, मग झाला. दोघींतून एकीचा तरी झाला." ती हसली. "माझा नशीब. मी तर काय पन चुकली नाय, तू सांगितलास तसाच सगळा केला. तरी बघ."

मी म्हणाले, "मीच तुला नीट सांगितलं नाही."

"गप. कोन सांगतो आमाला एवढा तरी?" तिनं गोदीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "एक काम कर. गोदीची पुस्तका बाईंकडं हायेत, ती कुनालीला सांग ठेवायला. उंदीर खातील नायतर."

कंपनीची बस आली. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. मी चढले. मी चढले, हे मला लिहायला सगळ्यात जड जातंय. पळत खाली उतरता आलं असतं, ट्रक अजून भरत होता. बस वळली तेव्हा मागच्या काचेतून दिसलं, कविता गोदीचा हात धरून तिच्याकडून मला टाटा करवत होती. झोपलेल्या मुलीचा हात, नुसताच वर-खाली.

त्याला दोन महिने झाले. बुध्याचा मोबाइल लागत नाही. मागच्या आठवड्यात आमच्या लाइनचं मशीन खरोखरच बंद पडलं, दुपारपर्यंत. आम्ही सगळ्या बसून जुन्या मालाची छाटणी करत होतो. नवीन आलेल्या एकीनं हळूच विचारलं, आज दिवस धरतील का गं? दुसरी म्हणाली, "धरतात. या प्रभाताईनं मुलाखतीतच विचारून घेतलंय. मॅडम सगळ्यांना सांगतात तिचं." त्या नवीन मुलीनं माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की मी खाली मान घालून झाकणं मोजत बसले. मोजायची नसतात ती.

शिमग्यानंतर आणखी दोन जागा निघतील म्हणतात. मी ठरवलंय, पक्की झाले की मॅडमना सगळं सांगायचं. महिना राहिलाय. असं मी रोज बसमध्ये ठरवते. मग वाटतं, पक्की झाल्यावर सांगणं म्हणजे काही धोका उरला नाही तेव्हा सांगणं. तोपर्यंत गोदी भट्टीवर कच्च्या विटा उलट्या करत असेल, लहान मुलांना तेच काम देतात, वजन कमी म्हणून विटांवर पाय उमटत नाहीत त्यांचे. हे मला कवितानंच सांगितलं होतं, शाळेच्या फाटकाशी, हसत हसत.

महेंद्रलाही मी बोलले नाही. तो ऐकून घेईल, जवळ घेईल, म्हणेल, तू काय करणार होतीस, जागाच एक होती. मला ते ऐकायचं नाही. मला ते पटेल, याची मला भीती वाटते.

कुणाली उठलीय. उशीचे वळ गालावर, एक वेणी सुटलेली. मांडीवर येऊन बसली आणि वहीवर डोकं ठेवलं, त्यामुळं मी हे कडेकडेनं लिहितेय. तिच्या केसांना सासूबाईंच्या खोबरेल तेलाचा वास येतोय. मी तिच्या पाठीवर हात फिरवला.

"स्वप्न पडलं?"

"नाही." मग वहीवरून डोकं न उचलता, "आई, बाई रोज गोदीचं नाव घेतात."

"हजेरीत?"

"हो. नाव घेतात आणि थांबतात. कुणीच काही बोलत नाही. सगळी माझ्याकडं बघतात, मी तिच्या बाजूला बसते ना, म्हणून. मग बाई पुढचं नाव घेतात." तिनं पेनाचं टोपण उचललं, बोटाला लावलं, पुन्हा काढलं. "लई दिवस कुणी हजर नाही म्हटलं तर नाव काढून टाकतात. प्रणव म्हणाला."

मी तिची सुटलेली वेणी हातात घेतली.

"आई," तिनं मान वर करून माझ्याकडं बघितलं, "गोदीचं नाव घेतल्यावर मी हजर म्हटलं, तर ते खोटं होतं का?"